एक मान, दोन शल्यविशारद

मानेपासून बोटांपर्यंत उतरणाऱ्या कळेने ज्यास ग्रासले आहे, त्याची खरी पंचाईत सल्ला न मिळण्यात नसून सल्ले फार मिळण्यात असते. आमच्या नाशकात १९९८ साली स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथी या विद्या एकत्र नांदतात. एखाद्या दुखऱ्या मानेविषयी मात्र त्यांचे एकमत क्वचितच होते. आणि एकाच विद्येतले दोन तज्ज्ञ परस्परविरुद्ध बोलू लागले, म्हणजे घरच्या मंडळींनी काय करावे? डॉ. अतुल गावंडे यांचा ‘बीइंग मॉर्टल’ (२०१४) हा इंग्रजी ग्रंथ वार्धक्य आणि मृत्यू यांविषयी आहे खरा. पण त्यातील पित्याच्या आजाराची हकीकत या प्रश्नाला सरळ भिडते, म्हणून तिचाच येथे विचार करावयाचा आहे.

ग्रंथकाराचे वडील आत्माराम गावंडे हे मूळचे महाराष्ट्रातील उटी गावचे. अमेरिकेत ओहायो राज्यात मूत्रमार्गाचे शल्यवैद्य म्हणून त्यांनी हयात घालविली. सत्तरी उलटल्यावर मान दुखू लागली, डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. प्रथम हे सारे संधिवातावर लोटले गेले, पुढे एम्. आर. आय. झाल्यावर मानेतील मज्जारज्जूच्या आतच गाठ वाढत असल्याचे दिसून आले. बॉस्टनच्या शल्यविशारदाने तत्काळ शस्त्रक्रिया सांगितली. वडिलांनी प्रश्नांची सरबत्ती करताच मात्र तो चिडीस आला. क्लीव्हलँडचे डॉ. एडवर्ड बेंझेल यांनी तीच छायाचित्रे पाहिली, तेच प्रश्न ऐकून घेतले आणि उलट विचारले की, आपणास भय कशाचे वाटते? गाठीचे की शस्त्रक्रियेचे? हातपाय लुळे पडण्याची धास्ती दोन्हींकडून होती. बेंझेल यांनी थांबण्याचा सल्ला दिला आणि वडील थांबले. पुढील काही वर्षांत त्यांनी रोटरीच्या प्रांतपालपदाचे कामही पार पाडले. शस्त्रक्रिया अखेर झाली. पण ती त्यांनी ठरविलेल्या वेळी झाली.

येथे ग्रंथकाराने हेरलेले मर्म मोलाचे आहे. दोघा तज्ज्ञांत वस्तुस्थितीविषयी फारसा वाद नव्हताच. कोणते संकट अधिक भयंकर मानावयाचे, याविषयी होता. आणि ते सांगण्याचा अधिकार ज्याची मान त्याचा! हुकूम सोडणारा वैद्य, नुसती माहिती ओतणारा वैद्य आणि रुग्णाचे मन जाणून वाट दाखविणारा वैद्य, असा इझिकिएल व लिंडा इमॅन्युएल यांनी केलेला भेद गावंडे येथे उपयोगात आणतात. शास्त्रीय वर्गीकरण इतके जिवंत झालेले आम्ही क्वचितच पाहिले आहे.

तथापि आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की, प्रेमळपणे ऐकून घेणाऱ्याचा सल्लाच खरा ठरतो, अशी समजूत या कथेने वाचकाच्या मनात नकळत रुजते. गाठ संथ वाढणारी निघाली म्हणून थांबणे शोभले; ती झपाट्याने वाढती तर तापट शल्यविशारदच द्रष्टा ठरला असता. सौजन्य आणि अचूकपणा ही जुळी भावंडे नव्हेत. पुढे किरणोपचारांचा सल्ला काही रागाने दिला गेला नव्हता; तरी त्यांनी गाठ आटली नाही आणि यातना मात्र वाढल्या. हे गावंडे लपवीत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण आपल्या सिद्धांताशी ते त्याची गाठ घालीत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. त्या घरात आई, वडील आणि मुलगा असे तिघेही डॉक्टर! ‘मज्जारज्जू’ हा शब्द ऐकूनच ज्याच्या घरची माणसे गप्प होतात, त्याने तज्ज्ञाची उलटतपासणी कशी करावी? शिवाय अशी गाठ विरळा. बहुसंख्यांची मान दुखते ती मणक्यांच्या झिजेने किंवा सरकलेल्या चकतीने. आणि ज्यांना काडीचेही दुखणे नाही अशा प्रौढांच्या छायाचित्रांतही तीच झीज सर्रास दिसते. त्यामुळे एक जण चित्र पाहून शस्त्र सुचवितो, दुसरा व्यायाम सांगतो, तिसरा पट्टा बांधावयास लावतो, आणि तिघांच्याही हाती चित्र तेच असते. या रुग्णास मृत्यूची भीती नसते. उद्या कचेरीत मान वर करून बसता येईल का, एवढीच विवंचना असते. हात लुळा पडू लागला, चाल अडखळू लागली वा मलमूत्राचा ताबा सुटू लागला, तर विलंब न करता शल्यवैद्य गाठावा, हे त्याला स्पष्ट सांगणारा कोणी हवा. तशी चिन्हे नसतील तर बहुधा काही आठवडे थांबून पाहण्यास सवड असते, हेही. गावंडे यांच्या लेखणीत ते सांगण्याचे सामर्थ्य निश्चित आहे. या सामान्य मानेसाठी त्यांनी चार पाने राखून ठेवली असती, तर आमच्याकडील कितीतरी घरांत हा ग्रंथ औषधांच्या कपाटाशेजारी ठेवला गेला असता.