द्विभाषिक गायक आणि कर्तृत्वाचा प्रश्न : रेमो फर्नांडिस ते मुंबईचा रॅप

१. प्रश्नाची मांडणी

द्विभाषिक लेखक हा मराठीतील तौलनिक साहित्याभ्यासाचा परिचित विषय आहे. 'जेजुरी' (१९७६) हा इंग्रजी आणि 'अरुण कोलटकरच्या कविता' (१९७७) हा मराठी संग्रह वर्षभराच्या अंतराने प्रकाशित करणारे कोलटकर, तसेच तुकारामांना इंग्रजीत नेणारे दिलीप चित्रे यांच्या निमित्ताने अनुवाद, स्वानुवाद आणि समांतर निर्मिती या संकल्पनांची पुष्कळ चर्चा झाली आहे. परंतु हीच द्विभाषिकता छापील पानावरून ध्वनिमुद्रणात उतरली की आपली समीक्षा तिला 'लोकप्रिय संस्कृती' या सोयीच्या कप्प्यात ठेवते आणि पुढे जाते. एकच व्यक्ती दोन भाषांत शब्द रचते, चाल बांधते, गाते आणि ध्वनिमुद्रणाची निर्मितीही स्वतः करते, तेव्हा कर्तृत्व कोठे शोधायचे? अशा कलावंताचा 'उदय' झाला असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय उदयाला येते? प्रस्तुत निबंधात या दोन प्रश्नांचा विचार गोव्याचे रेमो फर्नांडिस यांच्या आधारे केला असून शेवटी मुंबईतील रॅपकडे वळून त्या विचाराची पडताळणी केली आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राबाहेरच्या मराठी समाजाला अधिक जवळचा आहे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी ही जबलपूरच्या मराठी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. याच शहरात १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात काही काळ राहिलेले गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरात जन्मून हिंदीचे थोर कवी झाले, तर त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी, कादंबरीकार आणि समीक्षक झाले. एका घरातल्या दोन भाषा येथे दोन भावांत वाटल्या गेल्या. छापील साहित्याची व्यवस्था लेखकाकडून बहुधा अशाच वाटणीची अपेक्षा करते. गाण्यात ही वाटणी अटळ राहते का, हे पाहण्यासारखे आहे.

२. एका घरातील ध्वनिमुद्रण

रेमो फर्नांडिस यांचा जन्म १९५३चा. बार्देश तालुक्यातील शिवोली हे त्यांचे गाव. मुंबईच्या सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी युरोप व उत्तर आफ्रिकेत भ्रमंती केली. परतल्यावर, १९८४ साली, त्यांनी 'गोवन क्रेझी' ही ध्वनिफीत काढली. शिवोलीच्या राहत्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर तिचे मुद्रण झाले. शब्द, संगीत, सर्व वाद्ये आणि सर्व आवाज त्यांचेच होते. वेष्टनाची रचनाही त्यांनीच केली आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी फिरून फिती स्वतः पोहोचवल्या.

ही हकीगत कौतुकाने सांगितली जाते. समीक्षेच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे. चार ट्रॅकच्या यंत्रावर एकटा माणूस काम करतो तेव्हा एक आवाज मुद्रित करून त्यावर दुसरा, मग तिसरा असा थर चढवतो. म्हणजे तो स्वतःलाच साथ देतो आणि स्वतःलाच ऐकतो. लेखक हस्तलिखितावर पुनःपुन्हा हात फिरवतो, त्या प्रक्रियेशी हे काम बरेच जुळते. ध्वनिमुद्रण हे येथे आधीच सिद्ध झालेल्या गाण्याची नोंद राहत नाही, संहिता त्यातच घडते. 'निर्माता' या शब्दाचा व्यापारी अर्थ बाजूला ठेवून आपण या अर्थाने तो वापरला, तर अशा गायकाचा विचार ग्रंथकार म्हणून करता येतो.

त्यानंतरच्या फितींचा क्रम बोलका आहे. १९८५च्या 'ओल्ड गोवन गोल्ड'मध्ये जुनी गोमंतकीय गाणी आहेत, १९८६ची 'पॅक दॅट स्मॅक' अमली पदार्थांच्या विरोधात उभी राहते आणि १९८७ची 'बॉम्बे सिटी' महानगराकडे वळते. इंग्रजी, कोंकणी, पोर्तुगीज, फ्रेंच आणि हिंदी या भाषांतून त्यांनी गायन केले. त्यांत इंग्रजी आणि कोंकणी यांचे नाते मध्यवर्ती आहे.

३. भाषेची निवड आणि श्रोता

द्विभाषिक कवीच्या बाबतीत आपण विचारतो की मूळ कविता कोणती आणि अनुवाद कोणता. रेमो यांच्या गाण्यांना हा प्रश्न लागू पडत नाही, कारण एकच गाणे दोन भाषांत करणे ही त्यांची मुख्य रीत नाही. त्यांची भाषा श्रोत्यानुसार ठरते. १९८०च्या दशकाच्या मध्यास पंतप्रधान राजीव गांधी यांच्यासमोर, त्यांनाच उद्देशून गायलेले त्यांचे गाणे इंग्रजीत होते. दिल्लीला जाब विचारायचा तर दिल्लीला समजेल अशा भाषेत विचारायचा, हा त्यामागचा विचार उघड आहे. गावाच्या स्मृतीशी संवाद साधायचा तेव्हा कोंकणी किंवा पोर्तुगीज येते. म्हणून अशा रचनेच्या अभ्यासात 'मूळ आणि अनुवाद' या जोडीऐवजी 'वक्ता आणि संबोधित' ही जोडी अधिक उपयोगी ठरते.

येथे देशीवादी भूमिकेशी संवाद अपरिहार्य आहे. साहित्य हे आपल्या भूमीत आणि भाषेत रुजलेले असावे, हा भालचंद्र नेमाडे यांनी मांडलेला आग्रह मराठी समीक्षेला आत्मभान देणारा ठरला. या भूमिकेतून भारतीय इंग्रजी लेखनावर घेतलेला आक्षेप बव्हंशी असा आहे की ते दूरच्या वाचकाला आपला समाज समजावून सांगते. हा आक्षेप रेमो यांच्या आरंभीच्या इंग्रजी गाण्यांना लागू होत नाही. स्कूटरवरून गोव्यातल्याच दुकानांत पोहोचणाऱ्या फितीचा पहिला श्रोता गोमंतकीयच होता. त्याला गोवा समजावून सांगण्याची गरज नव्हती, त्याची थट्टा मात्र करता येत होती. देशीयता केवळ भाषेवरून ठरत नाही, ती संबोधनावरूनही ठरते, असे या उदाहरणावरून म्हणता येईल.

४. लिपी नसलेली भाषा

ही गाणी ज्या काळात आली तो गोव्यातील भाषावादाच्या तीव्रतेचा काळ होता. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. त्या प्रचारात उल्हास बुयांव यांच्या कोंकणी गाण्यांचा वाटा सर्वज्ञात आहे. १९७५ साली साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. रोमी लिपीतील कोंकणी मात्र कायद्याबाहेर राहिली. तियात्र आणि त्यातील कांतारांची परंपरा तर प्रामुख्याने याच लिपीच्या आश्रयाने वाढलेली. पहिले तियात्र १८९२ साली मुंबईत झाले, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

ध्वनिफितीला लिपी नसते. कोंकणी देवनागरीत लिहावी की रोमीत, ती मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हे वाद कागदावर लढले जात असताना गाणे कानावाटे सर्व पक्षांच्या घरांत शिरू शकत होते. मुद्रित साहित्यापेक्षा मुद्रित ध्वनीला मिळालेली ही मोकळीक द्विभाषिक गायकाच्या उदयाचे एक महत्त्वाचे कारण मानावे लागेल. अर्थात तिचा अतिरेकी गौरव करण्याचेही कारण नाही. लिपी नसली तरी उच्चार असतो आणि गिटार व पाश्चात्त्य स्वरमेळ यांची घडण विशिष्ट समाजाचा पत्ता सांगतेच. हिंदू गोमंतकाच्या भजन-आरतीच्या, बव्हंशी मराठीतून चालणाऱ्या गानपरंपरेशी या ध्वनिविश्वाचा संवाद मर्यादित आहे. फितीने लिपीची भिंत ओलांडली, समाजांमधले अंतर ओलांडले असे म्हणवत नाही.

५. उदयाचा आलेख, कर्तृत्वाचा आलेख

आता मूळ प्रश्न. रेमो यांचा राष्ट्रीय पातळीवरील उदय चित्रपटांतून झाला. श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल'मध्ये (१९८५) ते होते, 'जलवा'चे (१९८७) शीर्षकगीत त्यांनी गायले आणि 'बॉम्बे'च्या (१९९५) हिंदी आवृत्तीतील 'हम्मा हम्मा'ने त्यांचा आवाज देशभर पोहोचला. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. यशाचा हा आलेख चढता आहे. परंतु 'हम्मा हम्मा'चे शब्द मेहबूब यांचे आणि संगीत ए. आर. रहमान यांचे. शिवोलीच्या घरात जो माणूस गीतकार, संगीतकार, वादक आणि निर्माता होता, तो येथे एक विशिष्ट पोताचा आवाज म्हणून उरला. त्याच्या द्विभाषिकतेतून हिंदी चित्रपटाने जे उचलले ते मुख्यत्वे उच्चाराचे वेगळेपण होते. पुढे 'ओ मेरी मुन्नी'सारख्या हिंदी पॉप गीतांनी त्यांना पुन्हा स्वतःच्या नावावर उभे केले, तरी आरंभीच्या फितींतील भाषांचे ते सहअस्तित्व त्यात विरळ झालेले आहे. श्रोते वाढले तसतसे कर्तृत्व आकसले, ही विसंगती 'यशोगाथा' या चौकटीत दिसत नाही, म्हणून ती समीक्षेने दाखवली पाहिजे.

जागतिक संदर्भ घेतल्यास हे केवळ हिंदी चित्रपटाचे वैशिष्ट्य ठरत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९८३ साली जन्मलेले जपानी-इंग्रजी द्विभाषिक कलावंत उताडा हिकारू यांचा 'फर्स्ट लव्ह' (१९९९) हा जपानमधील सर्वाधिक खपाचा अल्बम. तरीही २००४चा 'एक्झोडस' हा इंग्रजी अल्बम निराळ्या बाजारासाठी, केवळ 'उताडा' या निराळ्या नावाने आला. दोन्ही भाषा एकत्र नांदणारा 'बॅड मोड' येण्यास २०२२ उजाडले. गीतलेखन आणि निर्मिती स्वतःच्या हाती असलेल्या कलावंतालाही बाजाराने दीर्घकाळ दोन नावांत विभागून ठेवले. मुक्तिबोध बंधूंमध्ये झालेली भाषांची वाटणी येथे एकाच व्यक्तीच्या वाट्याला आली.

६. रॅप : हातातला स्टुडिओ

२०१०च्या दशकात मुंबईत जे घडले ते या पार्श्वभूमीवर पाहता येते. कुर्ल्याच्या नेझी यांनी २०१४ साली 'आफत' हे गाणे आयपॅडच्या साहाय्याने सिद्ध केले. चार ट्रॅकच्या रेकॉर्डरची जागा हातातल्या यंत्राने घेतली. अंधेरीचे विवियन फर्नांडिस, म्हणजे डिव्हाइन, आरंभी इंग्रजीत रॅप करत. 'ये मेरा बॉम्बे' (२०१३) आणि नेझींसह केलेले 'मेरे गली में' (२०१५) या गाण्यांत ते मुंबईच्या हिंदीत स्थिरावले. इंग्रजीकडून बोलीकडे झालेला हा प्रवास द्विभाषिकतेच्या रूढ दिशेच्या उलट आहे. त्यामागेही संबोधनाचेच तत्त्व आहे. गल्लीत उभे राहून गल्लीशी बोलायचे, तर गल्लीची भाषा हवी. कोलटकरांनी मुंबईच्या हिंदीत कविता लिहून या भाषेची काव्यक्षमता फार पूर्वी ओळखली होती, हे मराठी अभ्यासकाने येथे नोंदवावे.

मात्र या मुंबईच्या हिंदीत मराठी असते ती मुरलेली, निनावी. 'गली बॉय' (२०१९) या चित्रपटाने या गल्लीला देशभर नेले, तेव्हाही तिची ओळख हिंदी म्हणूनच झाली. तुलनेसाठी 'स्वदेसी' हा बहुभाषिक गट पाहावा. आरे वसाहतीतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह त्यांनी केलेल्या 'द वारली रिव्होल्ट'मध्ये (२०१९) मराठी उघडपणे, विरोधाची भाषा म्हणून उभी राहते. जंगल वाचवण्याची मागणी ज्या सत्तेकडे करायची तिची राजभाषा मराठी आहे. त्यामुळे मराठीची निवड येथे अस्मितेपेक्षा संबोधनाने ठरलेली आहे, असे मानण्यास जागा आहे.

७. निष्कर्ष

या विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. एक, ध्वनिमुद्रित गाण्याच्या अभ्यासात निर्मितीप्रक्रिया हा संहितेचाच भाग मानावा लागेल. शब्द वेगळे काढून त्यांची कविता म्हणून परीक्षा घेणे पुरेसे नाही. दोन, द्विभाषिकतेचे मूल्यमापन भाषांच्या शुद्धतेवरून न करता कोणती भाषा कोणाशी बोलते यावरून करावे. तीन, कलावंताचा उदय मोजताना त्याच्या कर्तृत्वाचा विस्तार किंवा संकोचही मोजावा.

यात मराठीच्या अभ्यासाचाही प्रश्न गुंतलेला आहे. जबलपूर, सागर, इंदूर येथील मराठी घरांतील मुलांच्या भाषामिश्रणाकडे आपण भाषेचा ऱ्हास म्हणून पाहतो आणि त्या मुलांनी काही रचले तर ते कोणत्या भाषेच्या खाती टाकायचे या विवंचनेत ते कोणाच्याच खाती पडत नाही. त्यांच्या पूर्वसूरींना भाषा वाटून घ्याव्या लागल्या. आज त्यांच्या हातातील यंत्र तशी अट घालत नाही. ती अट आपली समीक्षा घालत राहिली, तर या रचना मराठीच्या इतिहासाबाहेर राहतील. तो तोटा मराठीचा असेल, रचनाकारांचा नव्हे.