भिंतीवरचा कागद

मुंबईतील कलादालनांची चर्चा सहसा विक्रीच्या आकड्यांभोवती फिरते. कोल्हापूर, सांगली किंवा नागपूरहून चित्रे पाहायला आलेल्या चित्रकाराला मात्र वेगळाच प्रश्न पडतो : इथे चित्राविषयी बोलायचे कोणाशी?

काळा घोडा परिसरात १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर कलादालनात याचे उत्तर सोपे आहे. तिथले दालन आठवड्याच्या भाड्याने मिळते. त्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. पण मिळाले की चित्रकार स्वतः चित्रांजवळ बसून असतो. पावसात आडोशाला शिरलेला माणूसही त्याला ‘हे काय आहे?’ असे विचारू शकतो आणि उत्तर मराठीत, हिंदीत, जमेल तसे मिळते. या खुलेपणाला एक मर्यादाही आहे. भाड्याचा खर्च आठवड्यात भरून काढायचा असल्याने भिंतीवर टांगता आणि विकता येईल अशा कामाकडेच ओढा राहतो.

ही मर्यादा काही खासगी कलादालनांनी ओलांडली. जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर १९६३ मध्ये सुरू झालेली केमोल्ड गॅलरी २००७ मध्ये फोर्टमधील प्रेस्कॉट रोडवर मोठ्या जागेत गेली. कुलाब्यातील ‘प्रोजेक्ट ८८’ जुन्या छापखान्याच्या जागेत आहे. अशा ठिकाणी मांडणशिल्पाला, व्हिडिओला पुरेशी जागा आणि अवधी मिळतो. प्रवेशाला पैसेही पडत नाहीत. पण चित्रकार तिथे बसलेला नसतो. त्याच्या जागी एक कागद असतो आणि तो बहुधा केवळ इंग्रजीत असतो.

समकालीन कलेत हा कागद गौण नाही. धान्याची रास किंवा रिकामी खुर्ची कलाकृती का ठरते, याचा निम्मा उलगडा अनेकदा त्यातच असतो. तो वाचता न आलेला प्रेक्षक ‘आपल्याला यातले कळत नाही’ म्हणत जिना उतरतो. दोष त्याच्या नजरेचा नसतो.

हे विषय मराठीत मांडता येत नाहीत, हा बचाव टिकणारा नाही. प्रभाकर बरवे यांनी ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) या पुस्तकात चित्रनिर्मितीचा सूक्ष्म विचार मराठीतच केला. म्हणून दालनांनी एक पान मराठीत द्यावे, ही मागणी भाषाभिमानाची नसून प्रेक्षकाला आत घेण्याची आहे. ते पान लिहिण्याचे काम मात्र दालनांवर सोडून भागणार नाही. जहांगीरमध्ये चित्रकार जे तोंडी सांगतो, ते त्यानेच कागदावर उतरवायला हवे.