कार्यालयाची अंतर्रचना आणि कंपनीची ओळख : महाड परिसराच्या निमित्ताने

एखाद्या कंपनीने आपल्या कार्यालयाच्या भिंती, आसने, रंग, प्रकाश व फलक ह्यांच्या योजनेतून आपल्या नाममुद्रेचे स्वरूप व्यक्त करावे, हा विचार व्यवस्थापनशास्त्रात आता रूढ झाला आहे. त्याच्या पुरस्कर्त्यांची परिभाषा पाहिली, तर भाषेच्या अभ्यासातून उसनी घेतलेली रूपके तीत पदोपदी आढळतात. कार्यालय ‘बोलते’, रंग ‘सांगतो’, दालन ‘संदेश देते’. रूपक उसने घेतले की त्याच्याबरोबर येणारे प्रश्नही पत्करावे लागतात. बोलणारा कोण, हे येथे उघड आहे; परंतु तो कोणाशी बोलतो, आणि ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ ह्यांपैकी कोणत्या सर्वनामाने बोलतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. महाडच्या औद्योगिक वसाहतीच्या निमित्ताने तो येथे विचारावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. ह्या संदर्भात मराठीत ‘अस्मिता’ आणि ‘ओळख’ असे दोन्ही शब्द योजले जातात. ‘अस्मिता’ हा ‘अस्मि’ ह्या प्रथमपुरुषी एकवचनी क्रियापदापासून घडलेला आहे. त्यात दुसऱ्या कोणाची गरजच नाही. (योगसूत्रांत तिची गणना पंचक्लेशांत होते, हे जाहिरातशास्त्रज्ञांच्या कानावर घालावयास हरकत नाही.) ‘ओळख’ ह्या शब्दाची घडण मात्र निराळी आहे. आपण ओळख करून घेतो, ओळख ठेवतो, ओळख विसरतो, आणि रस्त्यात भेटलेला मनुष्य कधी ‘ओळख दाखवीत नाही’. ह्या सर्व प्रयोगांना दोन पक्ष लागतात. कंपनीची ओळख म्हणजे तिने स्वतःविषयी केलेले विधान एवढेच नव्हे. समोरच्याला ती कोण म्हणून ओळखते, हेही तीत आले.

ह्या विचाराचा उगम पाहिला असता हे दुसरे अंग त्यात प्रारंभी होते असे दिसते. पेटर बेरेन्स ह्यास ए. ई. जी. ह्या जर्मन विद्युत्-कंपनीने १९०७ साली कलाविषयक सल्लागार नेमले. त्याने बोधचिन्ह, दिवे, किटल्या रेखाटल्या, आणि १९०९ मध्ये बर्लिनमधील टर्बाइनची कार्यशाळा उभारली. म्हणजे कंपनीचे रूप जेथे कामगार काम करतो तेथपर्यंत त्याने नेले. फ्रँक लॉइड राइटने बफेलो येथे लार्किन कंपनीसाठी बांधलेल्या इमारतीत (१९०६) वरिष्ठ अधिकारी मधल्या प्रकाशचौकात, इतरांच्या दृष्टीसमोर बसत. अर्थात् तेथे सर्व आलबेल होते असे नव्हे. काही खुर्च्या टेबलालाच जोडलेल्या असल्याने बसणाराने किती हलावे हेही वास्तुकारानेच ठरवून टाकले होते. ती इमारत १९५० मध्ये पाडण्यात आली. तथापि कार्यालय म्हणजे आतील माणसांच्या परस्परसंबंधांची रचना होय, ही जाण तीत होती. आज ती जाण आक्रसून स्वागतकक्षापुरती उरली आहे.

महाडची स्थिती ह्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. येथील वसाहत प्रामुख्याने रासायनिक उद्योगांची. तयार माल बहुधा दुसऱ्या कारखान्याकडेच जातो. सामान्य ग्राहक येथे पायरी चढत नाही. काही कंपन्यांची कायदेशीर बैठक येथे व दर्शनी बैठक अन्यत्र अशी विभागणी असते. उदाहरणार्थ, १९८९ साली स्थापन झालेल्या विनती ऑरगॅनिक्सचे नोंदणीकृत कार्यालय महाडच्या वसाहतीत, तर कॉर्पोरेट कार्यालय मुंबईत आहे. अशा ठिकाणी कारखान्याच्या कार्यालयाचे रूप पाहणारा मुख्यतः दोन प्रकारचा असतो : तपासणीस किंवा व्यवहारास आलेला पाहुणा, आणि बिरवाडी, महाड, पोलादपूर व आसपासच्या गावांतून, तसेच दूरच्या राज्यांतून आलेला कामगार. पाहुण्यासाठी सोफा, वातानुकूलन, चौकटीतली प्रमाणपत्रे. कंत्राटी कामगारासाठी बहुधा फाटकाजवळची खिडकी आणि तिच्यापुढे उभी रांग. सोफा ‘आपण’ म्हणतो, खिडकी ‘तू’ म्हणते. अंतर्रचनेची चर्चा करणारे मात्र सोफ्याच्या रंगावरच थांबतात. पूर्वीच्या पेढीवरही लोडापासूनच्या अंतराने माणसाची प्रतिष्ठा मोजली जात असे, हे खरे. पण ती पेढी ‘आम्ही सारे एक कुटुंब’ असे भिंतीवर लिहून ठेवीत नसे.

आता रंगाचे पाहा. स्वागतकक्षातील निळा रंग हे यादृच्छिक चिन्ह आहे; शेजारच्या कंपनीच्या हिरव्याहून तो वेगळा आहे, एवढ्यावर त्याचे कार्य भागते. सोस्यूरच्या विचारातील ‘भेद’ तो हाच. भिंतीपलीकडे गेल्यावर त्याच रंगांचे व्याकरण पालटते. भारतीय मानक २३७९ अन्वये नळांचे रंग ठरलेले आहेत : पाण्यास सागरी हिरवा, हवेस आकाशी निळा, वायूंस पिवळा, आम्ले व अल्कली ह्यांस गडद जांभळा. हेही संकेतच, पण येथे चुकीच्या वाचनाची किंमत शरीराने द्यावी लागते. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी ह्याच वसाहतीतील एका औषधी रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर तरी, कंपनीचा रंग कोणता हा प्रश्न आणि त्या रंगाचा अर्थ कामगारास कोणी, कोणत्या भाषेत शिकविला हा प्रश्न, ह्यांना दोन वेगळ्या खात्यांचे विषय मानणे मला समर्थनीय वाटत नाही.

भाषेच्या अभ्यासकाने ह्यापुढे कायद्यांचे शब्द वाचावेत. कंपनी अधिनियम, २०१३ चे १२ वे कलम प्रत्येक कार्यालयाबाहेर कंपनीचे नाव व नोंदणीकृत पत्ता लावण्यास सांगते, आणि अक्षरे स्थानिक भाषेची नसतील तर त्या भाषेच्या अक्षरांतही. मागणी अक्षरांची आहे. इंग्रजी नाव देवनागरीत उतरविले की ती पुरी होते. उलट, १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८ व्या कलमाने सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याचे बंधन घातले होते. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, धोक्यांची माहिती कामगारांना व परिसरातील जनतेला देण्याचे कर्तव्य त्यात घालण्यात आले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १४ ऑक्टोबर २००३ च्या आदेशानंतर घातक रसायने व कचरा ह्यांचे तपशील सांगणारे फलक फाटकाबाहेर आले. एका कायद्याला नाव वाचता यावयास हवे होते, दुसऱ्याला अर्थ कळावयास हवा होता. फाटकाबाहेरचा तो फलक मी कंपनीच्या अंतर्रचनेचाच भाग समजतो. तो कोणत्याही नाममुद्रा-पुस्तिकेत येत नाही, त्याच्या अक्षराचे वळण कोणी सल्लागार ठरवीत नाही. उन्हापावसाने त्यातील आकडे पुसट झाले तरी बोधचिन्हाप्रमाणे ते ताबडतोब रंगविले जातातच असे नाही. आणि गावाशी कंपनी बोलते ते एवढेच.

जाहीर विधान आणि प्रत्यक्ष प्रवेश ह्यांतील अंतर महाडास नवीन नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा बोले ह्यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचे ठरविले. त्या तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी प्रत्यक्ष प्याले २० मार्च १९२७ रोजी, आणि वाद उच्च न्यायालयात मिटावयास १९३७ उजाडले. ठरावाची भाषा निर्दोष होती. कारखान्यांच्या स्वागतकक्षातील वाक्यांचीही बहुधा असते.

म्हणून ह्या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपली पाहणी स्वागतकक्षापासून सुरू करू नये. पहिल्या पाळीच्या वेळी फाटकाशी उभे राहावे. कोणास बसावयास जागा आहे, कोणास नावाने व कोणास गळ्यातल्या क्रमांकाने हाक मारली जाते, सूचनाफलक कोणत्या भाषांत आहे व तो कोण वाचू शकतो, ह्यांची नोंद करावी. भिंतींचा रंग त्यानंतर पाहिला तरी चालेल.