पहारेकरी राज्य आणि चक्कवत्ति-सीहनाद सुत्त

राज्यसंस्थेने प्रजेच्या जीविताचे व वित्ताचे रक्षण करावे, करार पाळले जातील एवढे पाहावे आणि त्यापलीकडे कशातही हात घालू नये, हा अमेरिकेतील लिबर्टेरियन विचारपंथाचा गाभा आहे. रॉबर्ट नोझिक यांच्या 'अनार्की, स्टेट अँड युटोपिया' (१९७४) या ग्रंथात त्याची अत्यंत तर्कशुद्ध मांडणी आढळते. मालमत्ता न्याय्य मार्गाने आली असेल, तर तिची वाटणी कितीही विषम झाली तरी राज्याने ती बदलू नये. श्रमाच्या मिळकतीवरील कर वेठबिगारीच्याच तोलाचा होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

धनिकांची वकिली म्हणून हा विचार झटकून टाकणे न्यायाचे होणार नाही. सत्ताधाऱ्यांविषयीचा संशय पालि वाङ्मयासही अपरिचित नाही. संपत्तीस असलेल्या भयांच्या यादीत अग्नी, जल व चोर यांच्या पंक्तीस तेथे राजाही बसविलेला आहे. कूटदन्त सुत्तातील पुरोहित राजा महाविजिताला सांगतो की, चोरांनी गांजलेल्या प्रजेवर नवा कर बसविणे अनुचित होय. येथवर नोझिक यांनाही हरकत घेण्याचे कारण नाही. तथापि तोच पुरोहित पुढे शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला अन्न-वेतन देण्यास सुचवितो. शिरच्छेदाने व बंधनाने जे साधणार नाही ते याने साधेल, असा त्याचा हिशेब आहे.

हाच विचार दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात अधिक कठोरपणे येतो. तेथील एक राजा प्रजेच्या रक्षणाची चोख व्यवस्था लावतो, मात्र निर्धनांना धन देत नाही. नोझिक यांना अभिप्रेत असलेले किमान राज्य ते हेच. परिणामी दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यातून चोरी उद्भवते. राजा पकडलेल्या चोरास धन देतो. ते ऐकून इतरही चोरी करू लागतात. मग तो शिरच्छेदाची शिक्षा देतो, तेव्हा लोकही शस्त्रे घडवून लुटलेल्यांचे प्राण घेऊ लागतात. दानानेच चोरी वाढली, असा आक्षेप यावर घेता येईल. परंतु सुत्तातील कारणपरंपरा चोराला दिलेल्या धनापासून सुरू होत नाही. निर्धनांना वेळीच न दिलेल्या धनापासून सुरू होते. केवळ पहारा देणारे राज्य अखेरीस पहाराही देऊ शकत नाही, हा त्याचा बोध आहे.

या पंथाची दुसरी उणीव सत्तेच्या व्याख्येत आहे. बळ व फसवणूक यांचा वापर झाला नाही, तर त्यांच्या लेखी जुलूमही नाही. मरे रॉथबर्ड यांनी 'द एथिक्स ऑफ लिबर्टी' (१९८२) मध्ये याच न्यायाने बहिष्कार वैध ठरविला आहे. आपल्या समाजाला या सिद्धान्ताची किंमत ठाऊक आहे. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. अस्पृश्याने सार्वजनिक विहिरीवरील हक्क बजावला, जमीन विकत घेतली किंवा वरात घोड्यावरून काढली की गाव त्याची वाट अडवी, वाणी सौदा देणे बंद करी, याची नोंद तिच्या १९३० च्या अहवालात आहे. उघड हिंसेहून हे शस्त्र अधिक घातक, कारण ते कायद्यात बसणारे दिसते, असे समितीचे मत होते. कोणी कोणावर हात उगारला नाही आणि तरीही माणसे गुडघ्यावर आली. या सत्तेला लिबर्टेरियन कोशात शब्दच नाही.

'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' (१९४७) मध्ये बाबासाहेबांनी बहिष्काराला गुन्हा ठरविण्याची मागणी केली, ती या अनुभवातून. राज्य बाजूला सरले की मोकळी झालेली जागा जमीनदार व कारखानदार व्यापतात, असा त्यांचा युक्तिवाद आहे. त्याचबरोबर राज्य-समाजवाद संविधानातच नमूद करावा, तो बहुमताच्या लहरीवर किंवा हुकूमशहाच्या मर्जीवर सोडू नये, असा त्यांचा आग्रह होता. राज्यावरील अविश्वास त्यांनी असा जपला आणि तरीही दुर्बलाला बाजाराच्या हवाली केले नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला तो २०१६ मध्ये.

नोझिक यांच्या पदरी एक प्रामाणिक कबुली आहे. भूतकाळातील अन्याय मोठा असेल, तर त्याच्या निरसनासाठी काही काळ अधिक व्यापक राज्य आवश्यक ठरू शकेल, असे ते म्हणतात. परंतु हा मुद्दा त्यांनी थोडक्यात आटोपला. वेठबिगारीची उपमा करासाठी वापरणे त्यांना सुचले. ज्यांच्या पूर्वजांनी महारवतनात प्रत्यक्ष वेठ केली, त्यांच्या दृष्टीने ग्रंथाचा आरंभ या थोडक्यात आटोपलेल्या मुद्द्यापासूनच व्हावयास हवा होता. ती वेठ १८७४ च्या वतन कायद्याने टिकविली होती. ती उठविण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, आणि १९५८ मध्ये कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली, तीही कायद्यानेच. राज्य किती मोठे असावे, या प्रश्नाआधी ते कोणाच्या बाजूने उभे आहे, हे विचारले पाहिजे. सुत्तातील राजाने तो प्रश्न स्वतःला विचारला नाही.