सतरा सप्टेंबरच्या पलीकडे

हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या पर्वावर मराठीत ग्रंथांची वाण नाही. मात्र त्यांतील बहुतेक ग्रंथ दि. 17 सप्टेंबर 1948 या दिवशी येऊन थांबतात. निजामाने शरणागती जाहीर केली, रझाकारांचे राज्य संपले, जनता मुक्त झाली, आणि पडदा पडला. गेल्या काही महिन्यांत या विषयावरील इतिहास, समाजचिंतन व कादंबरी असे तिन्ही प्रकारचे लेखन एकापाठोपाठ वाचण्यात आले, आणि हा पडदा फार लवकर पाडला जातो अशी माझी खात्री झाली.

अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ (1987) हा ग्रंथ प्रथम घेतो. भालेराव स्वतः लढ्यातले सैनिक, पुढे ‘मराठवाडा’ पत्राचे संपादक. त्यामुळे त्यांच्या लेखनाला साक्षीचे मोल आहे. रझाकारांच्या अत्याचारांविषयी शंका घेण्यास जागाच नाही. परंतु ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची विलीनीकरणाची बाजू घेतल्याबद्दल ऑगस्ट 1948 मध्ये याच शहरात हत्या झाली, हे ज्याच्या ध्यानात आहे त्याला या लढ्यावर हिंदू विरुद्ध मुसलमान असा शिक्का मारता येणार नाही. नरहर कुरुंदकरांच्या ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ या लेखनाचे शीर्षकच मला विचारप्रवर्तक वाटते. विमोचन झाले 1948 मध्ये, विसर्जन 1956 मध्ये. संस्थानाचे तीन भाग तीन राज्यांत गेले. आपल्या स्मरणाचीही तेव्हाच वाटणी झाली असावी.

यानंतर सुंदरलाल समितीचा अहवाल वाचावा. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांनी नोव्हेंबर-डिसेंबर 1948 मध्ये संस्थानाच्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांतून फिरून तो भारत सरकारला सादर केला. तो दीर्घकाळ गोपनीय राहिला, ए. जी. नूरानी यांच्या 2013 मधील इंग्रजी ग्रंथात तो वाचावयास मिळतो. पोलीस ॲक्शनच्या काळात व त्यानंतर 27 ते 40 हजार माणसे मारली गेली, असा समितीचा अंदाज आहे, आणि तोही हात राखून केलेला. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना लागली. लातुरात कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. रझाकारांचा नेता कासिम रझवी वकिली करीत असे तो याच लातुरात! रझाकारांच्या अत्याचारांचा सूड म्हणून हे घडले असे अहवाल म्हणतो, काही ठिकाणी सैनिक व पोलीसही त्यात सामील होते असे नोंदवितो, आणि शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचविणाऱ्या हिंदूंचीही दखल घेतो.

खून, लूट आणि स्त्रियांवरील अत्याचार यांच्याच ओळीत अहवालात सक्तीच्या धर्मांतराचा उल्लेख आहे. आपल्या वाचकांनी तो घाईने ओलांडू नये. धर्मांतराविषयी आपण बोलतो ते बहुधा स्वतःवरील आरोपाला उत्तर म्हणून. येथे एका रात्रीत, केवळ जीव वाचावा म्हणून, माणसांनी नाव व वेश टाकला. त्या घरांचे पुढे काय झाले, हा प्रश्न पाळकीय आहे आणि तो आपण विचारलेला नाही.

शेजाऱ्याचा हात शेजाऱ्यावर कसा उठला, हे आकड्यांवरून कळत नाही. दाशरथी रंगाचार्य यांची तेलुगू कादंबरी ‘चिल्लर देवुळ्ळु’ 1948 पूर्वीच्या तेलंगणातील आहे, कत्तलीची नव्हे. तरीही मला तिचे साहाय्य झाले. ‘चिल्लर’ हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. हे किरकोळ देव म्हणजे गावचा देशमुख आणि त्याच्या भोवतालचे सत्ताधारी. निजाम दूर हैदराबादेत. गावात वेठ घेणारा, गढीत मुलींना दासी म्हणून राबविणारा देशमुख हिंदूच. नायक असलेला गायक मला काहीसा पुस्तकी वाटला. सद्गुणांची बेरीज केल्यासारखा. गढीचे चित्र मात्र विसरता येत नाही. ज्या गावात जमीन आणि माणूस दोन्ही बळकट हाताची मालमत्ता होते, तेथे राज्य कोसळताच दुबळ्या झालेल्यांच्या घरांवर व शेतांवर झडप पडली, यात नवल ते काय? अहवालातही घरे व जमिनी बळकावल्याची नोंद आहे. तेव्हा या हिंसेचे खापर केवळ धर्मद्वेषावर फोडणे मला पुरेसे वाटत नाही.

त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीच्या आसपास आहेत. उस्मानाबाद, बीदर, नांदेडकडून येऊन हैदराबादेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत अशी माणसे अद्याप भेटतात. घरभेटीस जाणाऱ्या धर्मशिक्षकांनी, ती बोलू लागली तर, गावाच्या नावासह ते टिपून ठेवावे. रझाकार आले तो दिवस ती आपणहून सांगतील. रझाकार गेल्यानंतरच्या आठवड्यांविषयी मात्र विचारावे लागेल.