चोरघंटा केव्हा वाजू नये?

शालेय विज्ञान प्रदर्शनात ‘मोटारीची चोरघंटा’ ही प्रतिकृती हमखास असते. खेळण्यातली मोटार, तिच्यात एक संवेदक, एक बझर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. पाहुण्यांनी हात लावला की बझर वाजतो, पाहुणे मान डोलावतात आणि पुढच्या टेबलाकडे वळतात. आमची तक्रार इथेच आहे. घंटा वाजते हे सगळे दाखवतात. नको तेव्हा ती गप्प राहते का, हे कोणी तपासत नाही. संवेदकाची निवड तर यावरच ठरायला हवी.

ही मोटार नागपुरात, मे महिन्यात उभी आहे असे समजू. पुष्कळदा निवडला जातो तो पीआयआर हा अवरक्त संवेदक. हलणारा माणूस आणि त्याच्यामागची पार्श्वभूमी यांच्या तापमानात फरक असेल, तरच तो जागा होतो. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात बंद मोटारीच्या आत ६० अंशांहून अधिक तापमान सहज होते. रात्री आसने निवत निवत त्वचेच्या तापमानाजवळ आली, की चोर समोर येऊन बसला तरी या संवेदकाला तो जवळजवळ दिसत नाही!

श्राव्यातीत ध्वनीचा संवेदक ४० किलोहर्ट्झच्या लहरी सोडतो आणि परतणाऱ्या लहरींतील बदल टिपतो. पण उकाड्यामुळे काच दोन बोटे उघडी ठेवली, तर गरम वाऱ्याची झुळूकही त्याला चोर वाटू शकते. कंपनाचा संवेदक शेजारून गेलेल्या ट्रकलाही दाद देतो. राहिले दरवाजाचे साधे बटण. आतला दिवा लावणारे हे बटण बहुतेक मोटारींत असतेच. त्याला ना उन्हाचे सोयरसुतक, ना ट्रकचे. मात्र काच फोडून आत घातलेला हात त्याला कळत नाही.

म्हणजे प्रत्येक साक्षीदाराचा एक आंधळा कोपरा आहे. मग विश्वास कोणावर ठेवायचा? याचे उत्तर नागपूरच्याच एका घटनेत मिळते. ३० मे २०२४ रोजी शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने तब्बल ५६ अंश तापमान नोंदवले. देशभर खळबळ उडाली. पुढे हवामान विभागाने सांगितले, की तो संवेदकातील बिघाड होता. शंका घेता आली, कारण तुलनेसाठी इतर केंद्रांचे आकडे हाताशी होते. एकट्या संवेदकाचे खोटे दुसऱ्या, स्वतंत्र संवेदकाशिवाय उघडे पडत नाही.

चोरघंटेलाही हाच नियम लावावा. दरवाजाचे बटण दाबलेले सुटले, तर घंटा लगेच वाजू द्यावी. कंपन आणि श्राव्यातीत ध्वनी या दोघांनी मात्र काही सेकंदांच्या आत एकच साक्ष दिली, तरच वाजू द्यावी. दोन पीआयआर बसवून हे साधत नाही. एक जिथे फसतो तिथेच दुसराही फसतो. साक्षीदार वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारे हवेत. यालाही किंमत आहे: खोटे इशारे कमी होतात, पण एखादा खरा चोर निसटण्याची शक्यता वाढते. कोणती चूक परवडेल, हे मुलांनी विचार करून ठरवायचे.

लांडग्याची गोष्ट मुलांना ठाऊक असतेच. रोज उगाच वाजणाऱ्या घंटेकडे शेजारी खिडकीतून डोकावूनही पाहत नाहीत. अशी घंटा असून नसल्यासारखीच.

म्हणून शिक्षकांना आमची एक सूचना आहे. मुलांना वहीत चार रकाने आखायला सांगा: चोर आला, घंटा वाजली, चोर आला, वाजली नाही, चोर नाही, वाजली, चोर नाही, गप्प राहिली. मोटार सावलीत, उन्हात, पंख्याखाली आणि टेबलावर थाप मारून, प्रत्येक वेळी वीसदा तपासावी. प्रदर्शनात बझरच्या आवाजाला नव्हे, या तक्त्याला गुण द्यावेत. तिसऱ्या रकान्यातले आकडे न लपवता मांडणारा विद्यार्थी आम्हाला पहिल्या बक्षिसाचा मानकरी वाटतो.