टॅन, भाजणं आणि ऊन लागणं : उन्हाळी ‘घरगुती उपायां’च्या लेखांची तपासणी

एप्रिल उजाडला की पुरवण्यांमध्ये आणि व्हॉट्सॲपवर तोच लेख परत येतो. ‘उन्हाने त्वचा काळवंडली? करा हे घरगुती उपाय!’ कोरफड, दही, बेसन-हळद, लिंबू, टोमॅटो, खोबरेल तेल. लेखकाचं नाव बदलतं, यादी तीच राहते. आज हा लेख आपण शोधनिबंध तपासावा तसा तपासू. तपासताना एटापल्ली तालुका डोळ्यांसमोर ठेवू, कारण तिथे ऐन मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पानं तोडायची, सत्तर-सत्तरचे पुडे बांधायचे, फळीवर नेऊन उन्हात वाळत घालायचे. ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ हा सल्ला तिथे मजुरी बुडवूनच पाळता येतो.

पहिली तक्रार भाषेची आहे. हे लेख तीन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात कोंबतात. काळवंडणं, म्हणजे टॅन, हा आजार नाही. किरणांनी इजा झाली म्हणून त्वचेने जास्तीचं मेलॅनिन तयार केलं, त्याची ती खूण. भाजणं म्हणजे अतिनील किरणांनी, मुख्यतः यूव्ही-बीने, पेशींच्या डीएनएला केलेली इजा आणि त्यावर उठलेला दाह. आग, सूज, कधी फोड. याचा जोर साधारण १२ ते २४ तासांनी सर्वाधिक असतो. ऊन लागणं, म्हणजे उष्माघात, हे तिसरंच प्रकरण. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं, माणूस बरळतो, शुद्ध हरपते, जीवही जाऊ शकतो. पहिल्याला औषध लागत नाही, दुसऱ्याला आराम हवा, तिसऱ्याला तातडीने दवाखाना. तिन्हींना एकच लेप सुचवणारा लेख निरुपद्रवी म्हणून सोडून देता येत नाही.

आता यादीकडे येऊ. कोरफडीपासून सुरुवात करू, कारण तिच्यावर खरोखर प्रयोग झाले आहेत. २००५ मध्ये थायलंडमध्ये २० जणांवर कोरफडीचं क्रीम तपासलं गेलं. ते ना उन्हापासून वाचवू शकलं, ना भाजल्यावर उपयोगी पडलं. २००८ मध्ये जर्मनीत ४० जणांवर ९७.५ टक्के कोरफड असलेलं जेल तपासलं. ४८ तासांनंतर लाली कमी झाली, पण साध्या १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन क्रीमइतकी नाही. म्हणजे निकाल संमिश्र. गार वाटतं, नुकसान सहसा नाही. फक्त पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी गळू द्या, तो त्वचेला झोंबतो.

टोमॅटोची गंमत अशी की त्याचा पुरावा खाण्याचा आहे, चोळण्याचा नाही. २००१ मधल्या एका छोट्या जर्मन प्रयोगात लोकांनी १० आठवडे रोज ४० ग्रॅम टोमॅटोची पेस्ट ऑलिव्ह तेलासोबत खाल्ली. त्यानंतर किरणं पाडल्यावर उठणारी लाली सुमारे ४० टक्के कमी होती. आपल्या लेखांमध्ये मात्र फोड थेट गालावर जाते.

‘खोबरेल तेलाचा एसपीएफ ८’ हा दावा आपल्या शेजारचाच, रायपूरचा. २०१० मध्ये तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी तेलं अल्कोहोलमध्ये विरघळवून प्रकाशमापक यंत्रात तपासली. खोबरेलचा आकडा सातच्या आसपास आला. मोजमाप खोटं नाही, पण ते काचेच्या नळीतल्या द्रावणाचं आहे. त्वचेवर तेलाचा पातळ थर असतो, घामात तोही पसरतो. आकडा उचलला आणि पद्धत मागे सोडली, असं हे झालं. या भरवशावर कुणी मोहाच्या बियांचं तेल अंगाला लावून दुपारी फळीवर थांबलं, तर ते जवळजवळ काही न लावल्यासारखंच.

आणि लिंबू. यादीत मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच. लिंबाच्या रसात, विशेषतः सालीत, फ्युरोकौमारिन नावाची रसायनं असतात. ती त्वचेवर असताना ऊन पडलं की उलट भाजतं, फोड येतात, नंतर महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. याच कुळातलं सोरालेन बावचीत असतं आणि कोडावरच्या उपचारात ते किरणांचा परिणाम वाढवण्यासाठीच वापरतात. म्हणजे डाग घालवायला सांगितलेला उपाय डाग पाडणारा आहे.

दुसरी तक्रार अशी की ही त्वचा कोणाची? जर्मनीतल्या कोरफडीच्या प्रयोगातले सगळे जण गोऱ्या त्वचेचे, फिट्झपॅट्रिक वर्गीकरणात दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारातले होते. माडिया बाईची सावळी-काळी त्वचा त्यात नाही. मेलॅनिन खरंच वाचवतं. १९७९ च्या एका अमेरिकी अभ्यासात काळ्या त्वचेच्या वरच्या थराचं नैसर्गिक संरक्षण सुमारे १३ पट, तर गोऱ्या त्वचेचं सुमारे ३ पट भरलं. पण १३ म्हणजे अमर्याद नव्हे. काळी त्वचाही भाजते, फक्त लाली दिसत नाही. तिथे डोळ्यांनी नाही, हाताने तपासावं लागतं. जागा गरम लागते का, हात लावला की दुखते का, ताणल्यासारखी वाटते का? ‘त्वचा लाल झाली तर’ अशी सुरुवात करणारा लेख या वाचकाला पहिल्याच ओळीत वगळतो. आणि ‘काळेपणा घालवा’ असं सांगतो तेव्हा तो उपचाराबद्दल बोलतच नसतो, पसंतीच्या रंगाबद्दल बोलत असतो.

मग उपयोगाचं काय? भाजलेल्या जागी गार, पण बर्फाचं नव्हे असं पाणी, किंवा ओलं फडकं दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. नंतर साधं, बिनवासाचं मलम. फोड फोडू नका, बेसनाने घासू नका. भरपूर पाणी प्या. हेही घरगुतीच उपाय आहेत, फक्त फोटोत चांगले दिसत नाहीत.

बचावासाठी घट्ट विणीचा, गडद रंगाचा कोरडा कपडा चांगला. विरळ पांढरं सुती कापड कमी वाचवतं, ओलं झालं तर आणखी कमी. गारव्यासाठी डोक्यावर ओला दुपट्टा ठीक आहे, पण त्याने किरणं अडतील असं धरू नका. किरणांचा जोर तापमानावरून नाही, सावलीवरून ओळखा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर जोर जास्त. एटापल्लीच्या अक्षांशावर मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. पहाटे पानं तोडायला निघण्याची तिथली रीत या हिशेबाने अगदी बरोबर आहे. प्रश्न उरतो फळीवरच्या दुपारचा. तिथे लेपाची नाही, मांडवाची गरज आहे.

आणि कुणी बरळू लागलं, तर कांदा-पन्ह्यात वेळ घालवू नका. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात काहीही घालू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि हे चालू ठेवूनच ग्रामीण रुग्णालय गाठा. इथून जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरच्या वर आहे. पुढच्या एप्रिलमध्ये तोच लेख छापायचा असेल, तर लिंबाची ओळ काढून तिथे या चार ओळी टाका.